जोंगाचे वय आणि शुल्काचा न्याय

जबलपूरच्या वाहन निर्माणीतून बाहेर पडणारी, निस्सानच्या आराखड्यावर बेतलेली जोंगा 1999 मध्ये बंद झाली. लष्करी लिलावांतून नागरिकांकडे आलेल्या या गाड्या आज तगून आहेत त्या हिवाळ्यात अंगणातच कार्ब्युरेटर खोलून बसणाऱ्या हौशी मालकांमुळे. पंधरा वर्षांवरील मोटारींचे नोंदणी-नूतनीकरण शुल्क 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झाले. वीस वर्षांवरील मोटारींसाठी 2025 मध्ये ते 10,000 वर गेले. ‘व्हिंटेज’ दर्जा मात्र 50 वर्षांनंतरच. म्हणजे शेवटच्या जोंगाला 2049 पूर्वी तो मिळणार नाही. तोवर शुल्क ठरते ते वयावरून, निगेवरून नव्हे. धूर आणि ब्रेक यांची कठोर तपासणी व्हायलाच हवी. परंतु तीत उतरलेल्या गाडीला वयाचा दंड कशासाठी?