वाचनाची खतावणी

वर्ष सरत आले की त्या वर्षात वाचलेल्या पुस्तकांची क्रमांकवार यादी सिद्ध करण्याचा प्रघात अभ्यासकांच्या वर्तुळात इतका रुळला आहे, की त्यामागचे गृहीतक तपासण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. पुस्तक हे मोजणीचे एकक आणि वाचन म्हणजे त्याचे शेवटचे पान गाठणे, असे ते गृहीतक. यादी हा स्मरणाचा केवळ आधार आहे, असा तिचा बचाव केला जातो. तो टिकणारा नाही. कारण स्मरणात राहावे असे जे वाचनात घडते, तेच यादीतून वगळलेले असते.

विसंगती अशी की, संहितेतील रिक्त जागा वाचक भरतो, हे इझरचे आणि वाचकाचे अपेक्षाक्षितिज बदलत जाते, हे याउसचे प्रतिपादन उत्तरपत्रिकेत बिनचूक मांडणारा विद्यार्थी आपल्या वहीत मात्र शीर्षक, लेखक आणि तारीख एवढेच लिहितो. वाचनप्रक्रियेची मीमांसा परीक्षेपुरती. व्यासंगाचा पुरावा म्हणून आकडा.

यादीचे समर्थक डार्विनकडे बोट दाखवू शकतील. १८३८ ते १८६० या काळात त्याने वाचायच्या आणि वाचून झालेल्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या, हे खरे. १८३८च्या नोंदींत माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध आहे. अनेक नावांतले एक नाव. त्या वाचनाने नैसर्गिक निवडीच्या कल्पनेला चालना मिळाली, हे कळते ते यादीवरून नव्हे, तर त्याच सुमाराच्या विचार-टिपणांवरून आणि १८७६मध्ये लिहिलेल्या आत्मचरित्रावरून. माल्थस आपण करमणूक म्हणून हाती घेतला होता, असे तो तेथे सांगतो! आणि आपल्या वाचनाच्या यादीविषयी? ती पाहून त्याला स्वतःच्या उद्योगीपणाचे आश्चर्य वाटते, एवढेच. तरीही डार्विनच्या काही नोंदींपुढे पुस्तक नुसते चाळल्याची कबुली आहे. आजच्या याद्यांतून नेमकी हीच कबुली गळालेली दिसते.

ज्ञानेश्वरीची पारायणे करणाऱ्या वारकऱ्याने अशी यादी केली, तर आयुष्यभराची एक ओळ भरेल. पारायणांचीही मोजदाद होतेच, हा आक्षेप रास्त आहे. पण ती मोजदाद वाचकाला त्याच ग्रंथाकडे परत आणते. वार्षिक यादी त्याला पुढच्या ग्रंथाकडे ढकलते.

हे ढकलणेच घातक आहे. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथाशी सहा महिने झुंजणारा, मध्येच कान्टकडे वळून पुन्हा पहिल्या प्रकरणावर येणारा विद्यार्थी यादीच्या हिशेबात दरिद्री ठरतो आणि तेवढ्या अवधीत वीस कादंबऱ्या उरकणारा संपन्न. डिसेंबरात पातळ पुस्तके निवडण्याची युक्तीही या हिशेबातूनच सुचते. मग अवघड ग्रंथ टाळला जातो, आणि टाळल्याची नोंद कोठेच होत नाही.

नोंद ठेवूच नये, असा याचा अर्थ नाही. अर्ध्यावर सोडलेले पुस्तक, जेथे सोडले ते पान, सोडण्याचे कारण, दुसऱ्या वाचनात खोडावे लागलेले पहिल्या वाचनाचे मत, हे सारे टिपणारी वही अभ्यासकाजवळ असायलाच हवी. तिची बेरीज करता येत नाही. आणि वर्षअखेरीस ती चारचौघांत मिरवण्याजोगीही नसते.