सात की साठ?

आंब्याच्या हंगामात देवगडच्या पेढीवर दूरध्वनीवरील ‘सात पेट्या’ ‘साठ’ अशा ऐकल्या गेल्या, की दोष बोलणाऱ्यालाच दिला जातो. ‘‘हल्ली माणसे पुटपुटतात,’’ अशी ज्येष्ठांची तक्रार असते. वस्तुतः वाढत्या वयात आधी उंच पट्टीचे ध्वनी क्षीण होतात. स्वर ऐकू येतात, परंतु स, त, फ यांसारखी व्यंजने निसटतात. म्हणूनच ओरडून उपयोग होत नाही. समोर बसून सावकाश बोलावे.

अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा मानली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की ती निम्मी होते. तेव्हा ट्रॉलरच्या इंजिनाजवळ वा जनरेटरशेजारी काम करणाऱ्यांनी कान झाकावेत. (कान कोरण्याची तिजोरीची किल्लीही आता निवृत्त व्हावी!) एका कानाचे ऐकणे अचानक गेले, तर मात्र त्याच दिवशी वैद्यांना गाठावे.

साठीनंतर श्रवणचाचणी करून घ्यावी. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ती होते. चष्म्याचा न वाटणारा संकोच श्रवणयंत्राचाच का वाटावा, हे मला उमगलेले नाही. यंत्र लावल्यावर आरंभीचे काही आठवडे भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो. तेवढ्यावरून ते कपाटात ठेवू नये.