गोधडीची ऊब

पौषातली सकाळ. निगडी प्राधिकरणातल्या गणेश तलावाला फेरी मारायला निघावे, तर काठावर पांढरा धोबी शेपटी खालीवर नाचवत किडे टिपत असतो. हिवाळ्यापुरता हिमालयापलीकडून आलेला हा पाहुणा, आणि त्याच्याशेजारी बारा महिने इथेच राहणारा खंड्या पाण्यावर नजर रोखून बसलेला. जवळच्या बंगल्यांच्या कुंपणावर बोगनवेल, अंगणात पिवळी शेवंती. पण माझे पाय थांबतात ते गच्चीच्या कठड्यावर उन्हाला टाकलेल्या गोधडीपाशी. जवळून पाहा : वर विटलेल्या नऊवारीचा हिरवा पदर, मधल्या थरात जुनी धोतरे, आणि कडेपासून आत सरकत गेलेला हाताचा धावदोरा. टाके जितके जवळ, तितकी गोधडी टिकाऊ. 1972 मध्ये हा भाग वसवणारे पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या आगेमागे साताऱ्या-सोलापुराकडून, मराठवाड्यातून कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांच्या वळकटीत अशा गोधड्या होत्या. आजीचे लुगडे फाटले की ते नातवाच्या अंगावर यायचे. मायेचा वारसा असा कापडातून पुढे जायचा. पाहुणे पक्षी उन्हाळ्याआधी परत जातील, शेवंती सुकेल; पण पुढच्या हिवाळ्यात दोन्ही पुन्हा येतील. गोधडी मात्र शिवणारे हात असेपर्यंतच राहील. म्हणून या हिवाळ्यात एवढे करा : आईजवळ, आजीजवळ बसा, सुई ओवून द्या आणि तो धावदोरा शिकून घ्या.