ओल्या केसांतल्या लाटा
केसांना लाटा हव्यात तर तापलेलं कर्लिंग आयर्न लागतंच, हा समज मला मनापासून खटकतो. पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने 1870च्या दशकात गरम चिमट्याने लाटा पाडल्या खऱ्या, पण 1920-30च्या दशकांत अमेरिका-युरोपातल्या बायका कंगवा, बोटं आणि पिना एवढ्यावरच तशा लाटा घडवत होत्या. पाणी लागलं की केसातल्या केराटिनचे हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. 200 अंशांचं आयर्न मात्र वारंवार फिरवलं तर केराटिनच बिघडवतं. म्हणून ओलसर केसांची बोटभर रुंद बट घ्यावी, जवस उकळून गाळलेला बुळबुळीत रस चोळावा, टोक आत घेऊन मुळापर्यंत चपटं वेटोळं करावं आणि पिनेने डोक्याशी टेकवावं. टोकाशी घाई नको. ते दुमडलं तर वेडावाकडा बाक राहतो. एका रांगेतली वेटोळी घड्याळाच्या दिशेने, खालच्या रांगेतली उलट, कारण लाट येते ती या उलटसुलटीमुळेच. मग अगदी आतपर्यंत वाळू द्यावं. पिना काढल्यावर दिसतात त्या घट्ट स्प्रिंगा, आणि पुष्कळजणी इथेच घाबरून केस धुऊन टाकतात. ब्रश फिरवत राहा! वेटोळी एकमेकांत मिसळतात, सलग लाट उमटते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती लवकर उतरते, कारण ओलाव्याने तेच बंध पुन्हा सुटतात. तिथे वेटोळी जरा लहान घालावीत आणि बाहेर पडायच्या अगदी आधी ब्रश फिरवावा.