मित्राचें नांव कोणत्या वहींत?

‘आमच्याकडे वार्धक्याची चिंता नाहीं, आमच्याकडे कुटुंब आहे,’ असें आमच्या जालना जिल्ह्यांतील सभेंत कोणी म्हटलें कीं टाळ्या ठरलेल्या. परंतु ज्या समलिंगी स्त्रीपुरुषांनीं लग्नच केलें नाहीं, त्यांच्या आणि तृतीयपंथीयांच्या म्हातारपणाचें काय, असें विचारतांच उत्तर मिळतें कीं, असलीं माणसें मुंबई-पुण्यास, अंबड-परतुरास नाहींत! हा तर्क आम्हांस मान्य नाहीं. दंडसंहितेचें ३७७ वें कलम प्रौढांच्या संमत संबंधांपुरतें रद्द झालें तें २०१८ सालीं. ज्यानें साठ वर्षें गुन्हेगार ठरण्याच्या भयांत काढलीं, त्यानें आतां चव्हाट्यावर येऊन हजेरी लावावी, ही अपेक्षाच निर्दय आहे.

अशा माणसांना जगविलें तें मैत्रीनें. तृतीयपंथीयांनीं गुरु-चेल्यांचें घर उभारून वृद्ध गुरूची सेवा चेल्यांकडे सोंपविली. मुंबईंत पन्नाशी उलटलेल्या समलिंगी पुरुषांचें ‘सीनेजर्स’ नांवाचें मंडळ निघालें. तालुक्याच्या गांवीं मंडळ कोठलें? तेथें एखादाच जुना स्नेही असतो. तोच औषध आणतो, तोच उशाशीं जागतो. आणि रुग्णालयांत ‘तुम्ही यांचे कोण?’ ह्या एका प्रश्नानें तोच परका ठरतो.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा निपुत्रिकाचा ‘नातेवाईक’ म्हणून त्याच्या मालमत्तेचा वारस तेवढा ओळखतो. सेवा करणारा मित्र त्यांत बसत नाहीं. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें समलिंगी विवाहास मान्यता नाकारली. २०२४ सालीं केंद्र सरकारनें अशा जोडीदारांची शिधापत्रिका, संयुक्त बँकखातें आणि जवळचे आप्त नसतां मृतदेह ताब्यांत घेणें यांविषयीं सूचना काढल्या, हें स्तुत्यच. पण ती जोडीदाराची सोय, स्नेह्याची नव्हे.

कोणी म्हणेल, मैत्री ही मनाची गोष्ट, तिला कागद कशाला? विवाहही मनाचीच गोष्ट आहे. त्याची नोंद आपण करतोंच ना? ज्या निझामी राज्यांत १९४८ पर्यंत जालना होतें, त्याच्या १३२९ फसलीच्या कायद्यानें तृतीयपंथीयांसाठीं नोंदवही घातली होती, ती संशयाची. तेलंगणांत उरलेला तो कायदा तेथील उच्च न्यायालयानें २०२३ सालीं रद्द केला. आतां विश्वासाची वही हवी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयांत, प्रत्येक तहसिलींत कोणाही वृद्धाला, कारण न सांगतां, एका स्नेह्याचें नांव लिहून ठेवतां यावें, आणि प्रसंगीं त्या नांवास आप्ताचा मान मिळावा. एवढें जो समाज करूं शकत नाहीं, त्यानें आपल्या कुटुंबसंस्थेचे गोडवे गाऊं नयेत.