जैतापूर : जनसुनावणी झाली, पण अणुभट्टीच्या सुरक्षेवर कुठे विचारायचं?

अणुप्रकल्पाची जनसुनावणी म्हणजे सुरक्षेचीच सुनावणी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसं नाही.

सुनावणी कशाची होते?
2006च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेतं. रत्नागिरी जिल्ह्यातील 9,900 मेगावॉटच्या जैतापूर प्रकल्पाची सुनावणी मे 2010मध्ये माडबनला झाली. मराठी अहवाल उशिरा मिळाल्याची ग्रामस्थांची तक्रार होती. नोव्हेंबरमध्ये पर्यावरण मंजुरी मिळालीही.

मग सुरक्षा कोण तपासतं?
1983मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजेच एईआरबी. जागा, बांधकाम, भट्टी सुरू करणं अशा प्रत्येक टप्प्यावर तज्ज्ञ समित्या छाननी करतात. तिथे गावकऱ्यांची सुनावणी नसते. अमेरिकेत मात्र बाधित नागरिक परवान्यावर हरकत घेऊन सुनावणी मागू शकतात.

नियामक किती स्वतंत्र?
2012मध्ये 'कॅग'ने मंडळाच्या दुय्यम दर्जावर बोट ठेवलं. स्वतंत्र प्राधिकरणासाठीचं 2011चं विधेयक बारगळलं. अखेर डिसेंबर 2025मध्ये संसदेने मंजूर केलेल्या 'शांती' विधेयकातून मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला.

आता पुढे काय?
दर्जा मिळाला, म्हणजे पारदर्शकता आली असं नाही. छाननीचे निष्कर्ष परवान्याआधी, मराठीत, माडबनपर्यंत पोहोचतात का, हीच खरी कसोटी.