प्रगतिपुस्तक कोणाच्या मालकीचे?

शाळांतील गुणनोंदी आता संगणकावर जाऊ लागल्या आहेत. गुण भरताच बेरीज आणि श्रेणी तयार होते, पालकांना घरबसल्या निकाल कळतो. शिक्षकांचे कारकुनी ओझे यामुळे खरोखरच हलके होत असेल, तर या साधनाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ते कोणासाठी राबते, हे आधी पारखून घ्यावे लागेल.

शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व मांडले. त्यानुसार महाराष्ट्रात २०१० पासून आकारिक व संकलित मूल्यमापन सुरू झाले आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहिणे हे शिक्षकाचे काम ठरले. जी प्रणाली ही नोंद तयार वाक्यांच्या यादीतून निवडायला लावते, ती या तत्त्वालाच हरताळ फासते. शिवाय तीच माहिती कागदावर आणि पडद्यावर दोनदा भरावी लागली, तर श्रम वाचले कुठे?

दुसरा प्रश्न मालकीचा. अमेरिकेतील शाळांना अशी प्रणाली पुरविणारी पॉवरस्कूल ही कंपनी २०२४ साली एका गुंतवणूक संस्थेने ५.६ अब्ज डॉलरना विकत घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात तिच्याकडील विद्यार्थ्यांची व शिक्षकांची खासगी माहिती चोरीस गेली. व्यवहार भांडवलदारांचा, जोखीम मात्र मुलांच्या माथी!

म्हणून शिक्षक आणि पालक यांनी करारापूर्वीच आग्रह धरावा : चुकलेला गुण दुरुस्त करून घेण्याचा हक्क विद्यार्थ्याला असावा, करार संपताच सर्व नोंदी शाळेकडे परत याव्यात, आणि ज्या घरात स्मार्टफोन नाही, तेथे कागदी प्रगतिपुस्तक पोचावे. या अटी मान्य नसलेली प्रणाली कितीही स्वस्त असली, तरी ती महागच पडेल.